डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा

1833 साली मुंबईच्या गोदीत एका पंचविशीतल्या पारशी तरुणानं साठेक टनांची छोटी नौका पाण्यात उतरवली आणि तिच्यात वाफेचं इंजिन बसवलं. नौकेचं नाव ‘इंडस’, तरुणाचं नाव अर्देशिर कर्सेटजी वाडिया. पुढच्याच वर्षी त्यानं माझगावातल्या आपल्या बंगल्यात आणि बागेत गॅसचे दिवे लावले. ते पाहायला खुद्द गव्हर्नर आले. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला फेलो करून घेतलं. हा मान मिळालेला तो पहिला भारतीय. वाफेची बोट आणि दिवे, ही दोन्ही वेडं एकाच डोक्यात होती. तरीही रात्री समुद्रावर निघालेल्या आगबोटीनं कुठे, कोणत्या रंगाचा दिवा लावायचा, हे त्यालाही कुणी सांगू शकलं नसतं. असा नियमच तेव्हा जगात नव्हता.

नियम नव्हता, कारण तोवर त्याची निकड फारशी भासली नव्हती. शिडाचं जहाज वाऱ्याच्या कलानं चालतं. वारा कुठून येतोय हे गालावर कळलं की समोरचं गलबत कुठल्या दिशांना जाऊ शकेल आणि कुठल्या दिशांना मुळीच जाऊ शकणार नाही, याचा अंदाज जाणत्या तांडेलाला अंधारातही बांधता येई. वेगही बेताचा. आगबोटीनं हा हिशेबच मोडून टाकला. मुंबईत बांधलेली 411 टनांची ‘ह्यू लिंडसे’ 20 मार्च 1830 रोजी सुएझकडे निघाली, ती वाऱ्याची परवानगी न मागता. ज्या जहाजाला आठही दिशा मोकळ्या, ते काळोखात नेमकं कुणीकडे तोंड करून चाललंय हे ओळखायचं कसं?

अमेरिकेनं 1838 च्या कायद्यात आगबोटींना सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवा लावायची सक्ती केली. पण ‘दिवा लावा’ एवढं सांगून भागत नाही. पांढरा ठिपका दिसला म्हणजे तिथे कुणीतरी आहे एवढंच समजतं. तो आपल्याकडे येतोय की आपल्यापासून लांब चाललाय, हे गुलदस्त्यातच राहतं. खरी अक्कल लढवली ती 1848 च्या ब्रिटिश नियमांनी: आगबोटीच्या डोलकाठीवर पांढरा दिवा, डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा. शिडाच्या जहाजांना बाजूच्या रंगीत दिव्यांची सक्ती झाली त्यानंतर दहा वर्षांनी, 1858 मध्ये. 1889 च्या वॉशिंग्टन परिषदेत देशोदेशींनी मिळून नियमांवर खल केला. सध्या जगभर चालतो तो 1972 चा करार, 15 जुलै 1977 पासून अमलात आलेला. मधल्या काळात वाफ गेली, डिझेल आलं, तेलाच्या वातीच्या जागी एलईडी आला. लाल मात्र डावीकडेच राहिला आणि हिरवा उजवीकडेच.

अंधेरी-घाटकोपरकरांना ही जोडी पाहायला समुद्रावर जायचीही गरज नाही. पूर्वेकडून उतरायला येणारं विमान घाटकोपरच्या गच्चीवरून पाहा. त्याच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा आणि शेपटीकडे पांढरा. विमानांनी ही पद्धत जहाजांकडूनच उचलली. समोरून येणाऱ्या विमानाचा लाल दिवा आपल्या उजव्या हाताला दिसतो, आणि इथेच नवख्याची गफलत होते. डावं-उजवं हे पाहणाऱ्याचं नसतं, चालणाऱ्याचं असतं.

या दिव्यांची सगळी गंमत रंगापेक्षा कोनात आहे. डोलकाठीवरचा पांढरा दिवा सगळीकडून दिसता कामा नये. तो समोरून आणि दोन्ही बाजूंनी मिळून 225 अंशांत दिसायला हवा. त्याचे दोन सारखे वाटे केले की प्रत्येकी साडेएकशेबारा अंश होतात. एक वाटा लाल दिव्याचा, नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, रेषेपासून डावीकडे. दुसरा हिरव्याचा, उजवीकडे. उरले 135 अंश. तो पिछाडीच्या पांढऱ्या दिव्याचा प्रांत. 225 आणि 135 मिळून 360. कुठेही फट नाही आणि एकावर दुसऱ्याचं अतिक्रमणही नाही.

साडेएकशेबारा हा आकडा हवेतून आलेला नाही. बोटीच्या काटकोनातल्या रेषेच्या मागे साडेबावीस अंश गेलं की बाजूचा दिवा विझतो आणि पिछाडीचा दिसू लागतो. नियमांत ‘मागून ओलांडणारी बोट’ कुणाला म्हणायचं, त्याची हद्दही नेमकी तीच. म्हणजे पुढच्या बोटीचा फक्त पांढरा दिवा दिसतोय आणि तुम्ही तिच्या जवळ जवळ सरकताय, तर तुम्ही तिला मागून गाठताय आणि बाजूनं निघून जाण्याची जबाबदारी तुमची. कायद्याचं कलम न वाचता तांडेलाला त्याचं कर्तव्य दिव्यावरूनच समजतं.

वर्सोव्याहून मढला जाणारी लाँच घ्या. समजा ती उत्तरेकडे चालली आहे आणि समुद्रावरून एक मच्छीमार बोट पूर्वेकडे, किनाऱ्याच्या दिशेनं येते आहे. लाँचच्या सुकाणूवाल्याला ती आपल्या डाव्या हाताला दिसेल आणि दिवा दिसेल हिरवा, कारण त्या बोटीची उजवी बाजू लाँचकडे आहे. बोटीच्या तांडेलाला लाँच उजव्या हाताला दिसेल आणि दिवा दिसेल लाल. वाटा छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट आहे तिनं बाजू द्यायची, असा नियम आहे. ज्याला लाल दिसला तो थांबला किंवा वळला, ज्याला हिरवा दिसला तो आपल्या वाटेनं गेला. खाडीच्या अरुंद तोंडात नियम आणखी काही अटी घालतो, त्या तूर्त बाजूला ठेवू. मूळ कल्पना अशी की दोघांना एकाच क्षणी दोन वेगळे रंग दिसावेत, आणि तेही अशा बेतानं की दोघांच्या वाट्याला परस्परांना पूरक काम यावं. एक शब्द न बोलता झालेला हा करार आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी कागदांत इतकी सुबक कल्पना क्वचितच सापडते.

मुंबईच्या आठवणीत दिव्यांमुळे नाव मिळालेली एक आगबोटही आहे. शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून गुजरातच्या किनाऱ्यावर लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. नोव्हेंबर 1888 मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ही बोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली आणि प्रवाशांसकट नाहीशी झाली. झगमगाटाचं समुद्राला कौतुक नसतं.

आता प्रत्यक्ष काम. नऊ-दहा मीटरची वाफेवर चालणारी हौशी लाँच कुणी गोराईच्या खाडीत उतरवायची ठरवली, तर तिला काय काय लावावं लागेल? अशा लाँच युरोपात आजही हौसेनं बांधतात. धुराड्याचा भाग वगळला, तर पुढचं सगळं बोरिवली-गोराईच्या डिझेल लाँचलाही जसंच्या तसं लागू पडतं.

बारा मीटरच्या आतल्या बोटीला नियम सवलत देतो. डोलकाठीचा आणि पिछाडीचा असे दोन पांढरे दिवे नकोत. त्यांच्याऐवजी चहूबाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवा चालतो. सोबत लाल-हिरवे हवेतच. मात्र ते वेगवेगळे न लावता मधोमध एकाच कंदिलात बसवले तरी चालतात. पांढरा दिवा बाजूच्या दिव्यांपेक्षा किमान एक मीटर उंच हवा. सात मीटरच्या आतली आणि सात नॉटपेक्षा जास्त न धावणारी होडी असेल तर एक चौफेर पांढरा दिवा पुरतो, शक्य असल्यास लाल-हिरवे. वल्ह्यांच्या होडीला तर हाताशी टॉर्च किंवा पेटता कंदील ठेवून टक्कर टाळण्यापुरता वेळेवर दाखवला तरी चालतं.

वाफेच्या लाँचवर घोळ घालतं ते धुराडं. चौफेर दिसणारा दिवा डोलकाठी किंवा तत्सम अडथळ्यामागे सहा अंशांपेक्षा जास्त झाकला जाऊ नये, असं नियमाच्या पुरवणीत लिहिलेलं आहे. सहा अंश म्हणजे किती? दहा सेंटिमीटर जाडीचा खांब असेल तर दिवा त्याच्यापासून जवळपास एक मीटर लांब हवा. वीस सेंटिमीटरच्या धुराड्यासाठी हेच अंतर दोन मीटरच्या घरात जातं. नऊ मीटरच्या लाँचवर इतकी मोकळी जागा मिळत नाही. म्हणून एक तर दिवा धुराड्याच्या वर उंच काठीवर न्यायचा, नाही तर सवलत सोडून पुढे एक आणि मागे एक असे दोन पांढरे दिवे लावायचे. दुसरा मार्ग सरस, कारण धुराड्याच्या वर गेलेल्या दिव्याच्या काचेवर दोन तासांत काजळी बसते. मधल्या रेषेत दिवा बसतच नसेल तर तो थोडा बाजूला सरकवायची मुभाही आहे. पण मग लाल-हिरवे एकाच कंदिलात हवेत.

तारांचंही तेच. बाजारात मिळणाऱ्या साध्या पीव्हीसी तारेचं वेष्टण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच टिकावं असं बनवलेलं असतं. चालत्या इंजिनाच्या धुराड्याचा पत्रा त्यापेक्षा पुष्कळ तापतो. तार धुराड्याजवळून नेली की वेष्टण मऊ पडतं, मग तडकतं आणि एका रात्री फ्यूज उडतो. आधी उडतो तो फ्यूज हेच नशीब म्हणायचं. बाकी तांब्याचा जुना शत्रू, खारी हवा, आहेच. कथिलाचा मुलामा दिलेली तार, घट्ट दाबलेली टोकं आणि वरून ग्रीस, एवढं केलं तर जोड पावसाळा काढतो. नुसती पिळून वर टेप गुंडाळलेली तार गणपतीपर्यंत हिरवी पडते.

तारेच्या जाडीकडे कुणी फार लक्ष देत नाही, पण द्यायला हवं. 12 व्होल्टचा 25 वॅटचा जुना बल्ब सुमारे दोन अँपिअर ओढतो. बॅटरीपासून दिवा दहा मीटर लांब असेल तर प्रवाहाला जाऊन-येऊन वीस मीटर तार तुडवावी लागते. तार एक चौरस मिलिमीटरची असेल तर पाऊण व्होल्ट तारेतच जिरतो. हे फार नाही असं वाटतं. मात्र तापणाऱ्या तंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या तिप्पट-चौपट दरानं घटतो; व्होल्टेज सहा टक्के उतरला की प्रकाश जवळपास पाचवा हिस्सा गेला. त्यात एखादा गंजका जोड भरला की बल्ब लालसर डोळे किलकिले करत बसतो.

एलईडीनं हे दुखणं बरंचसं कमी केलं. दहा वॅटचे तीन बल्ब आठ तासांत वीस अँपिअर-अवर खातात, त्याच कामाचे दोन-दोन वॅटचे तीन एलईडी चार अँपिअर-अवरमध्ये भागवतात. पण जुन्या कंदिलात फक्त बल्ब काढून पांढरा एलईडी बसवला तर रंग बिघडतो. रंगीत काच विशिष्ट ज्योतीसाठी बनलेली असते. तेलाच्या दिव्याची ज्योत पिवळी, म्हणून तिच्यासमोर निळसर काच धरत आणि त्यातून हिरवा दिसे. त्याच काचेमागे निळसर-पांढरा एलईडी ठेवा, दिवा निळा दिसू लागतो. लाल काचेमागे तो मंदावतो, कारण थंड पांढऱ्या एलईडीत लाल मुळातच कमी. हिरव्या दिव्यासाठी हिरवाच एलईडी आणि लालसाठी लालच, शक्यतो बनवणाऱ्यानं कोन तपासून दिलेल्या अख्ख्या कंदिलासकट घ्यावा.

आणि तो सपाट बसवावा. यंत्रावर चालणाऱ्या बोटीच्या दिव्याचा पुरेसा प्रकाश क्षितिजाच्या वर-खाली पाच पाच अंश मिळाला पाहिजे. पट्टा तेवढाच असला तर छोटी बोट वेग धरताना नाळ उचलते तेव्हा दिवा आभाळाकडे पाहू लागतो. त्यामुळे धक्क्याला बांधलेल्या बोटीत नव्हे, तर चालत्या बोटीत तिचा जसा कल असतो त्या बेतानं कंस ठोकायचा.

दिव्यात जोर किती हवा, या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना पटत नाही. बारा मीटरच्या आतल्या बोटीचा पांढरा दिवा दोन सागरी मैलांवरून दिसला पाहिजे. त्यासाठी लागणारी तीव्रता आहे 4.3 कँडेला, म्हणजे ढोबळ मानानं चार-साडेचार मेणबत्त्यांइतकी. बाजूच्या दिव्यांना एक मैल पुरतो आणि त्याला एक मेणबत्तीही जास्तच होते: 0.9 कँडेला. अंधाराला एवढंच लागतं. समोरासमोर सात-सात नॉटनं येणाऱ्या दोन बोटी एक मैलाचं अंतर सव्वाचार मिनिटांत संपवतात. ओळखायला, ठरवायला आणि वळायला ही मिनिटं पुरेशी आहेत, रंग ओळखू आला तर.

मुंबई उपनगराच्या किनाऱ्यावर तो नेमका ओळखू येत नाही, आणि याला अंधार कारणीभूत नसून उजेड कारणीभूत आहे. पश्चिमेकडून वर्सोव्याच्या खाडीत शिरणाऱ्या बोटीच्या समोर अंधेरीच्या टॉवरांची भिंत उभी असते: खिडक्या, जाहिराती, गच्च्यांवरचे लाल इशारादिवे, रस्त्यावरचे सिग्नल. त्या पसाऱ्यात 0.9 कँडेलाचा हिरवा ठिपका शोधायचा. त्यात बोटीवरच्या उजेडाची भर. जाळं ओढताना खलाशांना डेकवर उजेड लागतो हे खरं, पण बंदराकडे परततानाही ते फ्लडलाइट तसेच चालू ठेवले तर लाल-हिरवे त्यांत बुडून जातात. शिवाय तांडेलाचे स्वतःचे डोळेही दिपतात. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि तो सराव एका झगझगीत दिव्यानं क्षणात मोडतो. हौसेनं लावलेल्या रंगीबेरंगी लुकलुकत्या माळांबद्दल तर काय बोलावं! दिशादर्शक दिव्यांशी गल्लत होईल किंवा ते झाकोळतील असे इतर दिवे लावू नयेत, असं नियम स्पष्ट सांगतो. (मासे ओढण्यासाठी पाण्यात सोडल्या जाणाऱ्या प्रखर एलईडींची गोष्ट निराळी, त्या मासेमारीवर केंद्र सरकारनं 2017 मध्येच बंदी घातली आहे.)

मासेमारी चालू असताना लावायचे दिवे वेगळे आहेत आणि ते वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई या गावांच्या रोजच्या कामाचे आहेत. ट्रॉलर जाळं ओढत असेल तर वर हिरवा आणि खाली पांढरा, दोन्ही चौफेर दिसणारे. दुसऱ्या प्रकारची जाळी असतील तर वर लाल, खाली पांढरा. जाळं बोटीपासून दीडशे मीटरपेक्षा जास्त लांब पसरलं असेल तर ते ज्या बाजूला आहे त्या बाजूला आणखी एक पांढरा. हा शेवटचा दिवा बोटीला वाचवतो त्यापेक्षा जाळ्याला जास्त वाचवतो. रात्री एखाद्या मालवाहू जहाजानं वाहतं जाळं कापून नेलं की नाखव्याचा हंगाम बुडतो. पण मासेमारी संपली की हे दिवे उतरवायचे. घरी परतणाऱ्या बोटीनं ‘मी जाळं ओढतेय’ असं सांगत राहणं म्हणजे शुद्ध थाप.

कायद्याच्या पोथीतही वाफेचा वास बराच काळ रेंगाळला. देशांतर्गत जलमार्गांवरच्या यांत्रिक नौकांना लागू असलेला 1917 चा कायदा मुळात ‘इनलँड स्टीम-व्हेसल्स अ‍ॅक्ट’ या नावानं झाला. त्यातली वाफ 1977 च्या दुरुस्तीत गेली आणि अख्खा कायदाच 2021 च्या नव्या कायद्यानं बदलला.

दिवे म्हणजे सर्वस्व नव्हे, हेही सांगायला हवं. मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया 3’ या जहाजांची टक्कर 7 ऑगस्ट 2010 रोजी सकाळी झाली. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली तीही दुपारी, लख्ख उजेडात. नजर ठेवणारा माणूस आणि ताब्यातला वेग, या दोन गोष्टींची जागा कुठलाच दिवा घेत नाही. रात्री मात्र त्या माणसाला पाहण्याजोगं काहीतरी मिळालं पाहिजे, आणि ते खरं असलं पाहिजे.

पावसाळी मासेमारीबंदीचे दोन महिने, 1 जून ते 31 जुलै, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. रंगरंगोटी होते, इंजिन उघडलं जातं, जाळी विणली जातात. त्याच यादीत दिव्यांची एक परीक्षा घालावी. तिला पैसा लागत नाही. बोट पाण्यात उतरली की एका रात्री तिचे दिवे लावा आणि एका माणसाला नाळेच्या सरळ रेषेत लांब उभं करा. लाल-हिरवा एकाच कंदिलात असेल तर वीस मीटर पुरे. बरोबर समोरून त्याला दोन्ही रंग दिसले पाहिजेत. एक मीटरभर डावीकडे किंवा उजवीकडे सरकला की एक रंग गेला पाहिजे. दिवे दोन काठांना वेगवेगळे असतील तर अंतर शंभर मीटर धरा आणि सरकायला तीन-चार मीटर द्या. तरीही दोन्ही दिसत राहिले, तर आतल्या बाजूनं उजेड अडवणारी दिव्यामागची काळी फळी पुढे वाढवा आणि पुन्हा पाहा.